वास कसला येतोय

नेत्रा : नाही, नाही, पायलताई, ही परीक्षा नाहीये. बरोबर-चूक काही नसतं यात. तुम्ही रोज जसं शोधता तसंच शोधायचं. फक्त डोक्यात येईल ते मोठ्याने बोलायचं.

पायल : मोठ्याने? म्हणजे येड्यासारखं, स्वतःशीच?

नेत्रा : अगदी तसंच. मी तेवढ्यासाठीच अंबरनाथहून आलेय. लोक फोनवर काही शोधतात तेव्हा कसा विचार करतात, आधी काय वाचतात, कशावर विश्वास ठेवतात, हाच माझ्या एम. ए.च्या प्रबंधाचा विषय आहे. रेकॉर्डिंग चालू आहे. मी मध्ये बोलणार नाही. तुम्ही गप्प झालात तर फक्त म्हणेन, बोलत राहा.

पायल : आणि मी अडकले तर सांगणार ना?

नेत्रा : नाही सांगता येत. नियमच आहे तसा. मी सांगितलं तर तो विचार तुमचा कसा राहील?

पायल : भारी काम आहे हां तुमचं, मॅडम. समोरच्याच्या नाकातोंडात पाणी जातंय आणि तुम्ही काठावर बसून बघताय. बरं, काय शोधू?

नेत्रा : तुम्हाला खरंच जे हवंय ते.

पायल : मग चिमीचं शोधते. दहा महिन्यांची झाली, दात येतायत, परवापासून अंग गरम लागतंय. हे टाकलं, "बाळाला दात येताना ताप". आलं. वरचं जाहिरात आहे, नको. हा व्हिडिओ नको, ही बाई लई लांबण लावते. खाली एक डॉक्टर आहे. पांढरा कोट घातलाय, म्हणजे असेल डॉक्टर. कोट काय, कोणपण घालतो. पण मी कोट बघूनच टच केलं, खरं सांगते.

नेत्रा : बोलत राहा.

पायल : हा म्हणतो दातामुळे ताप येतच नाही. आमच्या सासूबाई म्हणतात, येतोच. आता कोणाचं ऐकायचं? डॉक्टर फोनमध्ये आहे, सासूबाई घरात आहेत. आपण सासूबाईंचं ऐकणार. लिहा, लिहा, हे पण लिहा.

भागीरथी : पायल, ए पायल! शेगडी चालू ठेवलीस काय गं? कसला वास येतोय?

पायल : शेगडी बंद आहे, आई. कंपनीचा असेल. मॅडम, तुम्ही घाबरू नका. इथं बदलापूरच्या शिरगावात हे नेहमीचंच. थंडीत जरा जास्त. संध्याकाळी सोडतात ते लोक.

भागीरथी : संध्याकाळ कुठं झाली? अजून आकाशची पाळी सुटली नाय. आणि हा नेहमीचा नाय. नेहमीचा मला ठाऊक हाय. ह्याच्यानं डोळं चुरचुरतात.

पायल : मला पण खवखवतंय घशात. मॅडम, तुमचे डोळे लाल झालेत.

नेत्रा : हो, पाणी येतंय. खिडकी लावू का?

भागीरथी : थांब, लावू नको. आधी बघ इकडं. ते काय हाय?

पायल : कुठे?

भागीरथी : शाळेच्या भिंतीच्या पलीकडं. पांढरं. धुकं नाय, धूर पण नाय. धूर वर जातो. हे भुईवरनं सरकत येतंय.

पायल : अगं बाई! लावा, लावा खिडकी! चिमीला घ्या आतल्या खोलीतनं. मॅडम, दार लावा. माझा फोन? हां, हातातच आहे. आकाशला लावते.

नेत्रा : आकाश म्हणजे तुमचे मिस्टर ना? कुठे कामाला आहेत?

पायल : तिकडेच! एमआयडीसीत. केमिकलच्या कंपनीत ऑपरेटर आहे. रिंग जातेय. उचल ना, उचल! नाही उचलत. आत फोन नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवायला लागतो. पण मग कसं कळणार? बघते, बातमी बघते. काय टाकू? "वास कसला येतोय". हे काय दाखवतंय? "फ्रीजमधला वास कसा घालवाल." नको! "आंबट जळका वास". आता करपलेलं पातेलं घासायचे उपाय! अरे मी पातेलं घासू का आता?

भागीरथी : खाली सगळी पळायला लागली. शेजारची मालिनी तर पोरांना घेऊन गेटाच्या बाहेर पण पडली. ओरडतायत काहीतरी.

पायल : ग्रुपवर पण आलंय. "सगळ्यांनी स्टेशनकडे जा." त्याच्याखाली दुसरा म्हणतो, घराबाहेर पडू नका. तिसरा म्हणतो, अफवा आहे. फोटो टाकलाय कोणीतरी, ॲम्ब्युलन्सचा. मग मी काय करू? जाऊ का राहू? मी... मला...

नेत्रा : बोलत राहा.

पायल : काय बोलत राहू? तुम्हाला कळतंय का काय चाललंय ते?

नेत्रा : सॉरी. सवयीने तोंडातून गेलं.

पायल : थांबा. हे बघा, आलं. "बदलापूर : कारखान्यात वायुगळती, एका कामगाराचा मृत्यू." मृत्यू! आई! एक गेलाय!

भागीरथी : कोण? नाव काय दिलंय? पायल, नाव वाच!

पायल : नाव पुढे असेल, बाकीची बातमी नाही उघडत. फिरतंय नुसतं. ऑपरेटर होता म्हणतात. पहिल्या पाळीचा. आई, पहिल्या पाळीचा ऑपरेटर...

भागीरथी : माझा आकाश! नाय, नाय. तसं नाय होणार. तू नीट वाच.

पायल : नीटच वाचतेय मी! माझ्या डोळ्यांत पाणी आहे, दिसत नाही मला!

नेत्रा : पायलताई, तारीख बघा! मथळ्याच्या खाली बारीक अक्षरात तारीख आहे. ही जुनी बातमी आहे. चार वर्षांपूर्वीची. आजची नाहीये.

पायल : जुनी?

नेत्रा : हो. जुनी.

पायल : तुम्ही कधी बघितली तारीख?

नेत्रा : तुम्ही उघडलीत तेव्हाच.

पायल : आणि गप्प बसलात? माझी सासू इथं खाली बसली पोराच्या नावानं रडत, आणि तुम्ही नियम पाळत होतात?

नेत्रा : तोंडच उघडेना हो. मी पण घाबरलेय. मला खरंच... आता नाही नियम. खड्ड्यात गेला नियम. मी पण शोधते, माझ्या फोनवर. तुम्ही आकाशना लावत राहा.

भागीरथी : पोरी, तू शिकलेली हायस. सांग आम्हांला, काय करायचं?

नेत्रा : आजी, मला माहीत असतं तर सांगितलं असतं. बघतेय. हे म्हणतंय दारं-खिडक्या लावून आत बसा. हे म्हणतंय तोंडावर ओला कपडा धरा. हे तिसरं म्हणतंय काही वायू पाण्यात मिसळले की जास्त जाळतात, ओला कपडा धरू नका. हे म्हणतंय उंचावर जा. आणि सगळीकडे पहिलं वाक्य हेच, वायू कोणता आहे ते ओळखा. कोणता आहे ते कसं ओळखू मी? मी यावर अभ्यास करते, पायलताई, लोक घाईत पहिल्याच ओळीवर बोट ठेवतात म्हणून पानंच्या पानं लिहिलीत. आणि आत्ता मीपण पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

पायल : परत रिंग गेली. नाही उचलला.

नेत्रा : तुम्ही काय टाइप करताय?

पायल : काही नाही.

नेत्रा : दाखवा.

पायल : "आकाश ठीक आहे का".

नेत्रा : ताई...

पायल : माहितीये हो मला. फोनला कसं माहीत असेल. पण विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना. आणि बघा काय उत्तर दिलंय. "बदलापूर, आज आकाश निरभ्र राहील." हवामान सांगतंय मला.

भागीरथी : चिमी खोकायला लागली गं. दाराच्या फटीतनं आत येतंय ते.

पायल : पदर, ओढणी, काय असेल ते कोंबा फटीत. मॅडम, इथं नाही राहता येणार. खोलीला दारं-खिडक्या नावालाच आहेत. पत्र्यावरनं पण येतंय आत.

नेत्रा : मग निघायला लागेल. पण कुठे? सगळे स्टेशनकडे पळतायत.

पायल : मग आपण पण तिकडेच.

नेत्रा : एक मिनिट, एक मिनिट. इथे एकच गोष्ट सगळ्यांनी सारखी लिहिलीय. वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वायू तुमच्या मागे येतो. वाऱ्याला आडवं निघा. पण वारा कुठून येतोय?

पायल : ते बघू का फोनवर?

भागीरथी : फोन कशाला पाहिजे? बुद्धविहारावरचा झेंडा बघ ना. दिसतोय हितनं.

पायल : हां! झेंडा स्टेशनकडे उडतोय. म्हणजे वारा कंपनीकडून येतोय आणि स्टेशनकडे जातोय.

नेत्रा : म्हणजे ही सगळी माणसं त्याच्यासोबतच पळतायत. आपण तिकडे जायचं नाही. आडवं. वांगणीच्या रस्त्याने. माझी स्कूटी आहे खाली.

पायल : एका स्कूटीवर तीन बायका आणि पोरगी?

नेत्रा : बसू. तुम्ही मध्ये, चिमीला घेऊन. आजी मागे.

भागीरथी : मी नाय येत.

पायल : आई!

भागीरथी : मी नाय येत, सांगितलं ना. पाळी सुटली की तो घरीच येणार. दाराला कुलूप दिसलं तर काय समजंल तो? तुम्ही जा पोरीला घेऊन. मी थांबते. म्हातारीला काय होतंय?

पायल : आई, ऐका माझं. तो आला आणि कुलूप दिसलं, तर फोन करेल. तो आला आणि दार उघडून आत तुम्ही पडलेल्या दिसल्या, तर काय करेल तो? सांगा मला. काय करेल?

भागीरथी : असं बोलू नको गं.

पायल : बोलणार. चिमीला तुम्ही धरल्याशिवाय मी जिना उतरू शकत नाही. चला. मॅडम, ही ओढणी घ्या नाकाला. कोरडीच घ्या. ओल्याचं काय खरं नाही म्हणालात ना?

नेत्रा : मॅडम नको म्हणू. नेत्रा म्हण. चल.

*

पायल : जोरात घे ना!

नेत्रा : घेतेय. खड्डे बघ केवढे आहेत. आजी, घट्ट धरा!

भागीरथी : धरलंय. मागं बघू नको पायल, पुढं बघ.

पायल : कमी झाला का वास? मला कळतच नाहीये, नाकात तोच बसलाय.

नेत्रा : कमी झालाय. घसा सुटतोय थोडा. शेतं लागली बघ. अजून थोडं पुढे जाऊ.

भागीरथी : पायल, चिमी रडायची का थांबली?

पायल : अं?

भागीरथी : जिन्यावर केवढी रडत होती. आता गप्प हाय. कधीपासनं गप्प हाय?

पायल : थांबव! नेत्रा, गाडी थांबव! आई, धरा, ओढणी काढा तिच्या तोंडावरची. चिमी! चिमे! डोळे उघड ना गं! आई, हिचं अंग बघा कसं सैल पडलंय.

भागीरथी : मला दे. आडवी कर. नाय, नाय, उभी धर. चिमाबाय! अगं चिमाबाय, आजीकडं बघ!

पायल : नेत्रा, शोध ना काहीतरी! बाळ उठत नाही, काय करायचं, टाक!

नेत्रा : नाही शोधत. इकडे दे तिचा पाय. तळवा चोळते. आजी, कान लावा तोंडापाशी. श्वास आहे का बघा. गप्प राहा सगळ्या.

पायल : आहे का? आई, आहे का?

भागीरथी : हाय. गरम लागतोय कानाला.

पायल : नक्की?

भागीरथी : अगं, शिंकली! बघ, शिंकली माझ्या तोंडावर! झोपली व्हती गं. रडून रडून दमली आणि गाडीच्या हालण्यानं झोपली. घे तुझी पोरगी. रड गं बाय, रड. आता किती पण रड.

पायल : देवा रे... मला बसू दे इथं. मातीत बसते, चालेल.

नेत्रा : बस. मीपण बसते. इथली हवा स्वच्छ आहे.

पायल : फोन! फोन वाजतोय. नंबर ओळखीचा नाही. हॅलो? हां, पायलच बोलतेय. कोण? कंपनीतले भीमरावभाऊ? भाऊ, आकाश कुठे आहे? ... नाही, आधी सांगा, आहे ना? आहे? ... मग तुम्ही का फोन केलात, त्याला द्या. ... आत घेतलंय? ... कुठल्या हॉस्पिटलात? ... बरं. बरं. आम्ही सगळे ठीक आहोत, त्याला सांगा, चिमी पण ठीक आहे. आधी तेच सांगा.

भागीरथी : काय झालं? पायल, सांग लवकर.

पायल : जिवंत आहे, आई. उल्हासनगरला नेलंय. पण डोळ्यांत गेलंय त्याच्या. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलीय.

भागीरथी : दिसतंय ना त्याला?

पायल : पट्टी उद्या काढणार. तेव्हा कळेल म्हणाले.

नेत्रा : पायल, मी तुम्हाला हॉस्पिटलात सोडते. मोठा फेरा घेऊन जाऊ, वास आलेल्या बाजूने जायला नको.

पायल : नेत्रा, असं डोळ्यात गेलं तर माणसाला परत दिसतं का?

नेत्रा : शोधू?

पायल : नको. आज काही शोधू नको.

*

(दुसऱ्या दिवशी दुपारी. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात. आकाशच्या डोळ्यांवर अजून पट्टी आहे.)

आकाश : आई आलीय का? कोणीतरी चपला ओढत चालतंय.

भागीरथी : मीच हाय रे. हा बघ माझा हात.

आकाश : पायल कुठे?

पायल : इकडे, तुझ्या डाव्या बाजूला. चिमी खाली सिस्टरकडे आहे, वजन करतायत तिचं. डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे.

आकाश : मालिनीवहिनींना पण इथंच आणलंय म्हणे. भीमराव सांगत होता. स्टेशनच्या रस्त्यावर बरेच जण उलट्या करत पडले.

भागीरथी : तिला ऑक्सिजन लावला व्हता रात्री. आता उठून बसलीय. पोरं बरी हायत तिची.

आकाश : तुमचा निरोप येईपर्यंत मला तीच भीती होती. तुम्ही सगळ्यांबरोबर स्टेशनकडे पळणार.

पायल : निघालोच होतो. त्या नेत्रामुळे आणि आईंमुळे वाचलो. नेत्राचा सकाळी फोन आला होता. विचारत होती, ते रेकॉर्डिंग पुसून टाकू का. सगळं राहिलंय त्यात, माझं ओरडणं, आईंचं रडणं. मी म्हटलं, ठेव. तुझ्या सरांना ऐकव. घाबरलेली बाई काय काय शोधते, ते ऐकू दे त्यांना पण.

आकाश : काय शोधत होतीस?

पायल : काय नाही. वास कसला येतोय, ते. तू सांग. तुला कसं लागलं? भीमरावभाऊ म्हणाले, बाकीचे सगळे लगेच बाहेर पडले होते.

आकाश : मी पण पडलो होतो.

पायल : मग?

आकाश : जाऊ दे ना.

भागीरथी : सांग रे. आम्ही काय परक्या हाय?

आकाश : पाइप फुटला तेव्हा आम्ही गेटपर्यंत पळालो. गेटवरून बघितलं तर ढग आपल्या घराच्या बाजूला सरकत होता. मला वाटलं, तुम्हाला सांगायला पाहिजे. फोन लॉकरमध्ये. म्हणून परत आत गेलो.

पायल : आकाश!

आकाश : लॉकर उघडला. फोन हातात घेतला तर तो वाजतच होता. तूच करत होतीस. पण तोपर्यंत डोळ्यांत असं काही झालं... स्क्रीनचा नुसता उजेड दिसत होता. उचलायचं बटण कुठं आहे तेच दिसेना. मी बोट फिरवत राहिलो. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. परत बोट फिरवलं.

पायल : मला वाटलं तू उचलत नाहीयेस.

आकाश : मग भीमरावने ओढत बाहेर काढलं.

भागीरथी : कशाला गेलास रे आत? कशाला?

आकाश : आई, तू नसतीस गेलीस?

पायल : सिस्टर येतायत बघ. चिमीला पण आणलंय. सिस्टर, आत्ता काढणार का पट्टी? बरं. आई, खिडकीचा पडदा ओढा, एकदम उजेड नको म्हणतायत.

आकाश : पायल, हात सोडू नको.

पायल : नाही सोडत. हळूहळू काढतायत. एक झाली. आता दुसरी. डोळे सुजलेत रे फार. घाई करू नको. सावकाश उघड.

आकाश : जळजळतंय.

भागीरथी : दिसतंय का? आकाश, काही दिसतंय का?

आकाश : थांब जरा, आई.

पायल : अगं चिमे, रडू नको, बाबा आहे. आकाश, ती तुझं तोंड बघून घाबरली. ओळखलं नाही तिने.

आकाश : तिला मी दिसतोय तर.

पायल : आणि तुला ती?

आकाश : काहीतरी हलतंय. पिवळं आहे का अंगात?

पायल : हो! पिवळंच झबलं आहे! आई, पिवळं म्हणाला तो!

आकाश : तोंड नाही दिसत तिचं. जवळ आण.

पायल : हे घे. आता?

आकाश : अजून जवळ.